समोरचं तेवढंच ऐकणारा माईक

पुंजारामला कान आहे, असं बेलापूरच्या आसपास सगळेच म्हणत. लढाईत पाच वर्षं तो वायरलेसच्या कामावर होता आणि परत आला तो मुका रेडिओ बोलका करायची विद्या घेऊन. पेटीचा कोणता सूर दबलाय, हे तो देवळाबाहेर उभा राहून सांगे. त्यांच्या ख्रिस्ती वस्तीत चर्चला देऊळच म्हणत. आणि एवढा कानाचा पक्का माणूस, त्याने जी चूक केली ती एखाद्या बहिऱ्याने केली नसती. हसू येत नाही म्हणून बरं.

त्याची बायको छबूबाई गायची. अक्षरओळख नव्हती, पण ईस्टरचं एक भजन तिने जात्यावरच्या चालीत स्वतः बसवलं होतं. 'धोंडा सरकला, पहाट झाली' असं ते सुरू व्हायचं. दर कडव्याच्या शेवटी तबला, पेटी, टाळ सगळं एकदम थांबे आणि छबूबाई एकटी एक ओळ म्हणे. मग पुन्हा सगळे तुटून पडत. त्या एका ओळीसाठी बायका पदर हातात धरूनच बसायच्या.

सेहेचाळीसच्या पावसाळ्यात ती खोकू लागली. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी पुंजारामला व्हरांड्यात बोलावून क्षय असल्याचं सांगितलं. "पुढचा पावसाळा..." एवढं म्हणून त्या आत गेल्या. वाक्य पुरं करायची गरज नव्हती.

त्यानंतर पुंजारामच्या डोक्यात एकच गोष्ट घर करून बसली, ती म्हणजे छबूचं गाणं राहिलं पाहिजे. आणि योग असा, की त्याच हिवाळ्यात नगरच्या पाद्रीसाहेबांकडे परदेशातून गाणं उतरवायचं यंत्र आलं. काळ्या मऊ तबकडीवर त्याची सुई फिरे आणि आवाज कोरून काढी. साहेब ते मोटारीत घालून गावोगावच्या मंडळ्यांची भजनं घेणार होते. पुंजारामच्या गावाला ईस्टरची सकाळ आली, आणि वाट्याला दोन कोऱ्या तबकड्या. तेवढ्यात यंत्रासोबतचा माईक प्रवासात फुटला. साहेब म्हणाले, "पुंजाराम, नवीन माईक तूच निवड. तुझ्याइतकं इथं कोणाला कळतं?"

नगरला लष्कराचं जुनं सामान विकणारा एक दुकानदार होता. त्याच्याकडे दोन माईक निघाले. पहिला चारी बाजूंचं ऐकायचा. पुंजारामने तो दुकानातल्या कर्ण्याला जोडला तर रस्त्यावरच्या टांग्याची घंटा, शेजारच्या कल्हईवाल्याचा भाता, सगळं कर्ण्यातून बाहेर आलं. त्याला आवडलाच होता तो. तेवढ्यात मागच्या कोपऱ्यातून दुकानदार खोकला, आणि तो खोकला कर्ण्यातून एवढा मोठा आला की पुंजाराम दचकला.

घरून निघताना छबूबाई म्हणाली होती, "आवं, माजा खोकला तेवढा त्यात येऊ देऊ नका. गानं ऱ्हाईल न्हाई ऱ्हाईल, खोकला मातर जलमभर वाजंल."

दुसरा माईक रणगाड्यातला होता. इंजिनाच्या गदारोळात फक्त बोलणाऱ्याच्या तोंडासमोरचं ऐकायला केलेला. दुकानदार पुन्हा खोकला. कर्णा गप्प राहिला. पुंजारामने तोच उचलला. छबूला बरोबर त्याच्यासमोर बसवायचं, हे त्याने परतीच्या वाटेवरच ठरवलं.

पण ईस्टरच्या सकाळी छबूबाई पुढे यायला तयार होईना. देवळात उजवीकडे पुरुष, डावीकडे बायका. आणि आजारी पडल्यापासून ती दाराजवळ वेगळ्या चटईवर बसे. कोणी सांगितलं नव्हतं, तिचं तिनेच ठरवलं होतं.

"फुडं नगं," ती म्हणाली. "तितं बन्सीभाऊ तबल्याला बसत्यात, त्येंची लेकरं बसत्यात. माजा वारा नगं कुनाला."

"अगं, समोर न्हाई बसलीस तर ह्यो माईक ऐकायचा न्हाई."

"वीस वर्सं आवाज पोचतोय माजा सगळ्यास्नी. आजच न्हाई पोचायचा व्हय?"

माईकची वायर दोन हातांची. बॅटऱ्यांसकट यंत्र दाराशी हलवायचं तर उपासना खोळंबणार, आणि साहेब घड्याळाकडे पाहत होते. पण खरं कारण ते नव्हतं. खरं म्हणजे पुंजारामला तिचं म्हणणं पटलं. इतकी वर्षं गर्दीत सगळ्यात आधी तिचाच आवाज ज्याच्या कानी पडत होता, त्याला तो एखाद्या माईकला ऐकूच येणार नाही, हे खरं वाटेना.

एक तबकडी प्रार्थनागीतात गेली. दुसरी छबूबाईच्या भजनाला लावली. यंत्रावर आवाजाचा एक काटा होता, तो तबल्याबरोबर उड्या मारत होता. कडवं संपलं, सगळं थांबलं, आणि दारातून ती ओळ आली. त्या सकाळी ती एकदाही खोकली नाही. पण ती ओळ चालू असेपर्यंत काटा आडवा पडून होता. पुंजारामने तो पाहायला हवा होता. तो छबूबाईकडे पाहत होता.

उपासना सुटल्यावर साहेबांनी तबकडी वाजवून दाखवली. बन्सीचा तबला खणखणीत, पेटी स्वच्छ. कडवं संपलं. आणि मग नुसती सुईची खरखर. पुन्हा सगळे सुरू झाले. पुढच्या कडव्याला पुन्हा खरखर. बन्सी तबल्याचं गाठोडं बांधत खाली मान घालून बसला. पुंजारामला वाटलं, जमीन फाटावी.

छबूबाई दारातून म्हणाली, "बरं झालं. खोकला न्हाई आला."

कोरी तबकडी उरली नव्हती. यंत्र दुपारी मोटारीत चढलं. साहेबांना पुंजारामची दया आली असावी; ती तबकडी ते त्याला देऊन गेले. श्रावणात छबूबाई गेली.

पुंजाराम ती तबकडी घरच्या जुन्या ग्रामोफोनवर वाजवायचा. मऊ तबकडी, दर खेपेला थोडी झिजायची, हे त्याला कळत होतं. बन्सी एकदा म्हणाला, "कशापायी झिजवतो? तिचं त्यात काय बी न्हाई."

"हाय की. तितं ती म्हनतीया," पुंजाराम म्हणाला.

आणि खरंच, खरखर आली की त्या जागेत तो तिची ओळ मनात म्हणायचा. शब्द, चाल, मधला श्वास, सगळं. दुसऱ्या ईस्टरपर्यंत हे नीट चाललं. मग एका संध्याकाळी पेटी थांबली, खरखर सुरू झाली, आणि शेवटच्या शब्दावर ती वर जायची की खाली, हे त्याला आठवेना. त्याने सुई उचलून पुन्हा मागे ठेवली. पुन्हा ठेवली. मग उठून बन्सीच्या घरी गेला आणि त्याला म्हणून दाखवायला सांगितलं. बन्सीने तबल्यावर हात ठेवला, तोंड उघडलं, आणि म्हणाला, "आमी तर तवा थांबायचो, पुंजाराम. आमी कवा म्हनली ती वळ?"