काकांनी खाल्लेला लाडू

त्या दिवसांत माझी श्रद्धा पार पातळ झाली होती. गेली बावीस वर्षं मी नागपुरातल्या एका इस्पितळात एन्डोस्कोपीच्या खोलीत सिस्टर आहे. पोट तपासायची नळी घशातून जाताना पेशंटचं डोकं धरून ठेवायचं, हे माझं काम. नळी गेली की माणूस ओकाऱ्या काढतो, खोकतो, आणि वीतभर अंतरावर माझं तोंड असतं. कोरोना आला आणि त्या वीतभर अंतराची मला धडकी भरली. किट पुरत नव्हते. एकच मास्क कागदाच्या पाकिटात ठेवून पुन्हा पुन्हा वापरायचा. घरी यजमानांना जुना दमा. ते पुढच्या खोलीत, मी मागच्या. मधल्या दारात ताट ठेवून मी मागे सरकायची, मग ते उचलायचे. लग्नाला सत्तावीस वर्षं झाल्यावर असा सोवळ्यातला संसार! आपल्या हातून यांना काही झालं तर, या विचारानं जीव उडून जायचा.

देवापुढे बसले की मी प्रार्थना कमी आणि सूचना जास्त करायचे. डॉक्टरांची गाडी पंक्चर कर, वीज घालव, काहीही कर, पण आजची केस रद्द कर. गणपतीबाप्पा ढिम्म. शेवटी एका सकाळी बेसनाचा लाडू वळला, नैवेद्य दाखवला आणि स्पष्टच सांगितलं, आज तरी ऐक. लाच म्हणा हवं तर.

त्या दिवशी उमरेडचे एक काका आले होते. पोटातून थोडं थोडं रक्त जात होतं. कोरोनाचा रिपोर्ट यायचा होता, पण डॉक्टर म्हणाले, उगाच थांबायला नको. बाहेर काका बाकावर, शेजारी काकू डोळ्यांना पदर लावून. मला राहवलं नाही. प्रसादाचा लाडू कागदात बांधून मी दुरूनच बाकावर ठेवला आणि म्हटलं, "काकू, तपासणी झाल्यावर द्या त्याहिले."

थोड्या वेळानं काका टेबलावर आडवे झाले. मी नेहमीचा प्रश्न विचारला, "काका, सकाळपासून काही खाल्लं तर नाही ना?"

"काहीच नाही बाई. पाणीबी नाही. फक्त परसाद घेतला."

"कसला प्रसाद?"

"लाडू. तूच त देल्ला! बुढी म्हणे, परसाद हाती आल्यावर ठेवून देत नसतात."

डॉक्टरांनी हातातली नळी खाली ठेवली. भरल्या पोटी ती घालणं धोक्याचं. "सिस्टर, बावीस वर्षं झाले न तुम्हाले इथं? पेशंटले लाडू काहून देल्ला?" मास्कमागे तोंड लपतं, याबद्दल मी पहिल्यांदाच त्या मास्कचे आभार मानले. काकांची नाडी ठीक होती, म्हणून तपासणी संध्याकाळवर गेली.

दुपारी दीडला रिपोर्ट आला. काका पॉझिटिव्ह. संध्याकाळची तपासणी रद्द झाली. मी तिथेच स्टुलावर बसले आणि रडले.

पाचव्या दिवशी माझी कोरोनाची तपासणी झाली, ती निगेटिव्ह आली. काकांना ताप आला आणि गेला, रक्तही औषधांनी थांबलं. तीन आठवड्यांनी त्यांची तपासणी झाली, तेव्हा साधा अल्सर निघाला. तोवर आम्हाला पुरेसे किटही मिळाले होते. त्या दिवशी काकूंनी दारातूनच शपथ घेऊन सांगितलं, "आज परसादबी नाही देल्ला वं!"

याला चमत्कार म्हणा, असा माझा आग्रह नाही. बाप्पाला मी इतके रस्ते सुचवले आणि त्यानं निवडली माझीच चूक. तेव्हापासून त्याला सूचना देणं मी बंद केलं. हात जोडते आणि म्हणते, तुझं तू पाहा. डॉक्टर मात्र अजून रोज विचारतात, "सिस्टर, आज कोणाले प्रसाद?"

माझा रिपोर्ट निगेटिव्ह आला होता, त्या संध्याकाळी मी पुन्हा लाडू केले. मधलं दार उघडून, कितीतरी दिवसांनी, यजमानांच्या हातावर माझ्या हातानं एक ठेवला. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "माही काही तपासणी-गिपासणी नाही ना?"