फिटरचा फॉर्म

माझं पुढचं शिक्षण ठरलं तेव्हा अप्पा चहा आणायला गेले होते.

दहावीचा निकाल लागून आठवडा झाला होता. बेंगळुरूतल्या एका सरकारी संशोधन संस्थेच्या कॉलनीतली आमची शाळा. शास्त्रज्ञांची मुलं तिथेच, अटेंडरांची मुलंही तिथेच. अप्पा अटेंडर. फायली नेणं, सामान पोचवणं, चहा देणं. त्या दिवशी मात्र ते पालक म्हणून आले होते. इस्त्रीचा शर्ट. माझ्या शेजारच्या खुर्चीत, कडेला टेकून.

समोर प्रिन्सिपल मॅडम आणि साहेब. साहेब म्हणजे अप्पांच्याच विभागाचे मुख्य. पुण्याचे. शाळेच्या कमिटीवर होते आणि कॉलनीतल्या मराठी मंडळाचे अध्यक्षही. त्यांची मुलगी माझ्याच वर्गातली. ती आईबरोबर पलीकडच्या सोफ्यावर बसली होती. तिच्या मांडीवर कॉलेजांची माहितीपत्रकं.

मॅडमनी माझं मार्क्स कार्ड उघडलं. तेवढ्यात साहेब अप्पांना म्हणाले, "अरे, जरा चहाचं बघ."

सवयीने म्हणाले. अप्पाही सवयीनेच उठले. "सरी, सर," म्हणाले, कन्नडातलं 'बरं', आणि गेले. मुलीसाठी आलोय हे त्यांना सुचलंच नाही. किंवा सुचलं असेल. मला आजही माहीत नाही.

साहेबांनी मला विचारलं, काय करायचंय? मी म्हणाले, "मला पीयूसीला सायन्स पायजे." पीयूसी म्हणजे इथली अकरावी-बारावी.

साहेब हसले. "पायजे नाही गं, पाहिजे. मराठीसुद्धा धड येत नाही आणि फिजिक्स करणार?"

सोफ्यावरच्या बाई हसल्या. मॅडमना मराठी कळत नव्हती, तरी त्याही हसल्या.

आमचं घराणं या शहरात साडेतीनशे वर्षांपासून आहे. आमच्या मराठीत अर्धी कन्नड शिरलीय. घरी कुणाला ते खटकलं नाही. त्या खोलीत पहिल्यांदा मला माझी जीभ घाणेरडी वाटली.

मग साहेबांनी समजावलं. आवाज अगदी मायेचा. सायन्स म्हणजे ट्यूशन, एन्ट्रन्स, पाच-सहा वर्षं. बापाचा विचार कर. आयटीआयला फिटर ट्रेड घे, दोन वर्षांत नोकरी. आणि मग म्हणाले, "तुमच्या लोकांच्या हातात कला असते. ती वाया घालवू नकोस."

तुमच्या लोकांच्या. कुठल्या लोकांच्या, हे त्यांनी सांगितलं नाही. मला कळलं.

साहेबांनी इंग्रजीत सांगितलं तशी मॅडमनी आयटीआयच्या फॉर्मवर फिटरपुढे खूण केली. मी सही केली. गणितात मला चौऱ्याण्णव होते. ते कुणी वाचलं नाही. मीही सांगितलं नाही.

अप्पा ट्रे घेऊन आले. मॅडम, साहेब, बाई, साहेबांची मुलगी, मी. पाच कप. स्वतःला आणला नव्हता. माझ्यासमोर कप धरताना ते थोडे वाकले, इतरांसमोर वाकले तसेच. त्यांची खुर्ची रिकामी होती. ते उभेच राहिले. साहेबांनी सांगितलं, ठरलं बघ तुझ्या पोरीचं. अप्पांनी उभ्या उभ्या सही केली आणि आभार मानले.

मी तो चहा प्यायले.

घरी जाताना मी अप्पांना म्हणाले, "तुम्ही अटेंडर नसता तर असं झालं नसतं." वाटेत थांबून त्यांनी मेथीची जुडी घेतली. आई म्हणाली, दुसऱ्या कॉलेजचा फॉर्म आणू, अजून मुदत आहे. अप्पा म्हणाले, नको, मला रोज त्यांच्यासमोर उभं राहायचं असतं. विषय संपला.

आयटीआयमध्ये चाळीस मुलगे आणि आम्ही तीन मुली. पहिले तीन महिने नुसती कानस मारणं. लोखंडाचा तुकडा शिकंज्यात पकडायचा, घासायचा, काटकोन तपासायचा गुण्या लावून उजेडासमोर धरायचा. फटीतून उजेड दिसला की पुन्हा घासायचं. तळव्यांना फोड आले, फुटले, कातडी टणक झाली. एक दिवस उजेड दिसला नाही. इन्स्ट्रक्टर सरांनी तुकडा हातात घेतला आणि बाकीच्यांना दाखवला. मला आनंद झाला. त्या आनंदाचीही लाज वाटली. साहेबांचं खरं ठरलं, असं वाटलं.

म्हणून मी लपवत राहिले. निळा कोट पिशवीच्या तळाशी ठेवायचा. नखांतलं काळं लिंबाने घासून काढायचं. मावसबहिणीच्या लग्नात पाहुण्यांना सांगितलं, पीयूसी, सायन्स. अप्पा शेजारीच उभे होते. त्यांनी मान खाली घातली.

एकदा बसस्टॉपवर साहेबांची मुलगी भेटली. गणितात तिला एकाहत्तर मिळाले होते. तिने सायन्स घेतलं होतं. मला कॉलेज कसं चाललंय विचारलं. मी म्हणाले, मस्त, केमिस्ट्री जरा जड जातेय. तिला सगळं माहीत होतं, ती त्या सोफ्यावरच होती. तरी ती म्हणाली, "हो ना, मलाही." तिने मला सांभाळून घेतलं. तिचा राग करायलाही जागा उरली नाही. बस आली आणि मी चुकीच्याच बसमध्ये चढले.

दोन वर्षांनी मी फिटर ट्रेडमध्ये आयटीआयत पहिली आले. बोम्मसंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात नोकरी लागली, साचे आणि हत्यारं बनवणाऱ्या टूलरूममध्ये. मराठी मंडळाच्या गणपतीत माझा सत्कार ठरला.

साहेब माईकवर बोलले. योग्य वेळी योग्य सल्ला मिळाला तर गरीब घरातली मुलंही मार्गाला लागतात. प्रत्येकाने आपली कुवत ओळखावी. या मुलीने ओळखली. टाळ्या झाल्या. माझ्या खांद्यावर शाल आली. ते म्हणाले, "दोन शब्द बोल. धन्यवाद म्हणालीस तरी चालेल."

मी माईक हातात घेतला. मी ठरवून आले नव्हते. पण कुवत हा शब्द कानात अडकला होता. लोखंडाच्या प्रत्येक तुकड्याला मी माप लावत होते, दोन वर्षं. मला मात्र कुणी माप लावलंच नव्हतं. माप अप्पांच्या कामाला लावलं होतं.

मी म्हणाले, "माझी कुवत तुम्ही पाहिली नाही, सर. मला गणितात चौऱ्याण्णव होते. मला सायन्स पायजे होतं."

पायजेच म्हणाले. मुद्दाम. मग म्हणाले, "फिटरचं काम चांगलं आहे. इतकं चांगलं आहे, तर तुमच्या घरात त्याचा फॉर्म का नाही आला?"

कुणी टाळी वाजवली नाही. कार्यकर्त्याने माईक काढून घेतला. शाल मी घडी करून खुर्चीवर ठेवली.

अप्पा शेवटच्या रांगेत होते. त्यांच्या चेहऱ्यावर अभिमान असेल असं मला वाटलं होतं. नव्हता. भीती होती. घरी ते एवढंच म्हणाले, "मला विचारायचं होतंस."

त्यांचं बरोबर होतं. त्या खोलीत त्यांना कुणी विचारलं नव्हतं आणि मंडपात मीही विचारलं नाही. पंधरा दिवसांत त्यांची बदली जुन्या कागदपत्रांच्या गोदामात झाली. धुळीने त्यांना खोकला लागला. निवृत्त होईपर्यंत, तीन वर्षं, ते तिथेच होते. मला त्यांनी कधी दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं.

मी आता संध्याकाळच्या पॉलिटेक्निकमध्ये डिप्लोमा करते. आयटीआयवाल्यांना थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. टूलरूमचं काम सोडलेलं नाही. सोडायचंही नाही. कुठे शिकलीस असं कुणी विचारलं की सांगते, आयटीआय, फिटर. सांगताना आजही नखं मुठीत लपवते. तरी सांगते.

गेल्या महिन्यात त्या शाळेतून फोन आला. नव्या प्रिन्सिपल. दहावीच्या मुलांसाठी कौशल्य शिक्षणावर कार्यक्रम आहे, तुम्ही बोला, तुमचं उदाहरण चांगलं आहे. मी विचारलं, मुलं कोण असतील? त्या म्हणाल्या, निवडक. ड्रायव्हर, अटेंडर, माळी यांची मुलं, त्यांनाच उपयोग होईल ना.

मी नाही म्हणाले. त्यांनी कारण विचारलं नव्हतं, तरी सांगितलं. सगळा वर्ग बसवा. साहेबांची मुलं पहिल्या बाकावर बसवा. त्यांच्याही हातात कानस द्या, आणि माळ्याच्या मुलीलाही सायन्सचा फॉर्म द्या. मग ज्याला जे पायजे ते त्याला निवडू द्या. त्या दिवशी मी सुट्टी टाकून येईन.

तोवर माझं उदाहरण कुणाला द्यायचं नाही.