पाटणच्या दुधाची गोष्ट : महादेवीअक्कांच्या साठीनिमित्त

श्रीमती महादेवी बिराजदार यांची आणि माझी पहिली भेट एका दारात झाली. दार आमच्या सहकारी समूहाच्या सर्व्हर खोलीचे होते. मी आत होतो आणि त्या बाहेर. पुण्याच्या एका मोठ्या कंपनीत वीसेक वर्षे काढून त्या नुकत्याच आमच्या संगणक विभागाच्या प्रमुख म्हणून रुजू झाल्या होत्या. ती जागा मला मिळणार असे माझ्यासह सगळे धरून चालले होते. मी फौजेत सिग्नलमध्ये सतरा वर्षे काढलेला माणूस, सगळे मला सुभेदार म्हणतात. त्या खोलीची किल्ली माझ्या गळ्यात असे आणि माझ्या परवानगीशिवाय आत माशीही जात नसे.

"सुभेदार, आत काय चालतंय ते बघायचंय," त्या म्हणाल्या.

"अर्ज द्या," मी म्हणालो.

त्यांनी तिथेच उभ्याने अर्ज लिहून दिला. मी तो दोन दिवस टेबलावर ठेवला आणि तिसऱ्या दिवशी मंजूर केला. आपल्या वरिष्ठांना दोन दिवस दारात ताटकळत ठेवल्याचा मला तेव्हा फार अभिमान वाटला होता. त्यांनी मात्र ही गोष्ट कधीही कोणाला सांगितली नाही. आज ती मीच सांगतो आहे.

गौरव समितीच्या संपादकांनी "अक्कांबद्दल चार चांगले शब्द लिहा" असा फोन केला, तेव्हा मी आठ दिवस मागून घेतले. त्यातले पाच दिवस नुसता जळत होतो. माझी साठी दोन वर्षांपूर्वी झाली. तेव्हा विभागात पेढे वाटले गेले, तेही मीच आणलेले. अक्कांच्या साठीला ग्रंथ निघतो आहे आणि त्यात मी लिहायचे! पण लिहिणे भाग आहे, आणि ते का भाग आहे हे पुढे कळेल.

आमच्या समूहाचा पसारा मोठा आहे. दूध संघ, पशुखाद्याचा कारखाना, सूतगिरणी, रुग्णालय. पाटणच्या खोऱ्यापासून जतच्या माळापर्यंत आमची दूध संकलन केंद्रे आहेत. गवळ्याने कॅन ठेवला की वजन, फॅट आणि पावती हे सगळे संगणकावर होते. या संगणकाचे काम दोन खोल्यांत वाटलेले होते. एका खोलीत प्रोग्रॅम लिहिणारे, दुसऱ्या खोलीत तो चालवणारे, म्हणजे आम्ही. मध्ये प्लायवूडची भिंत. लिहिणारे म्हणत, "आमच्याकडं तर चालतंय." आम्ही म्हणत असू, "मग तुमच्याकडंच ठेवा."

नवे काही बसवायचे ते वर्षातून एकदाच, खंडेनवमीला. त्या दिवशी हत्यारांची पूजा करतात, हत्यार चालवत नाहीत. मी सर्व्हरला झेंडूची माळ घालत असे, नारळ फोडत असे, आणि वर्षभर साठलेले सगळे बदल एका दमात आत घालत असे. पुढचा पंधरवडा दुरुस्तीत जाई. ही माझीच पाडलेली रीत होती आणि मला ती फार प्रिय होती.

अक्का जतच्या मेंढपाळ वस्तीवर वाढलेल्या. पुण्यात इतकी वर्षे राहूनही त्यांची बोली बदलली नाही. पहिल्याच खंडेनवमीला त्या माझ्याशेजारी हात जोडून उभ्या राहिल्या, प्रसाद घेतला आणि मग म्हणाल्या, "पूजा करू या की, दर साली करू या. पर म्हशीला खंडेनवमी कुटं कळती, सुभेदार? ती दोन टायमाला दूध देतीच. वर्साचं वझं एका दिवशी तिच्या पाठीवर कशाला?"

त्यानंतर आमच्याकडे बदल रोज होऊ लागले. एवढेसे, चिमूटभर. लिहिलेला प्रोग्रॅम आधी यंत्रच तपासणार, मग तो एका केंद्रावर जाणार, तिथे सुरळीत चालला तर दहा केंद्रांवर, आणि मग सगळीकडे. बिघडला तर एका कळीसरशी मागे. या पद्धतीला जगात डेव्हऑप्स म्हणतात हे मला पुष्कळ उशिरा कळले. आमच्या शिपायापासून अध्यक्षांपर्यंत सगळे तिला 'अक्कांची पद्धत' म्हणतात. माझ्या नावाने आमच्या कार्यालयात काहीही नाही.

मग भिंत गेली. लिहिणाऱ्यांच्या खुर्च्या आमच्या खुर्च्यांना लागल्या आणि केंद्रांवरून येणारे तक्रारीचे फोन त्यांनीही पाळीपाळीने घ्यायचे ठरले. एका शहरी प्रोग्रॅमर मुलीने घेतलेला पहिलाच फोन कुंडलच्या केंद्राचा होता. तिकडून सचिव ओरडत होते, "ताई, ह्ये तुमचं बटन हाय का मोहरी? हितं हात वल्लं, बोटं जाड, दाबू कसं?" मुलगी हसली, मग लाजली. त्याच दिवशी तिने बटण तळहाताएवढे केले. दुसऱ्या दिवशी ते कुंडलला पोहोचले आणि आठवड्यात सगळीकडे. हीच तक्रार मी तीन वर्षे रीतसर टिपणी करून वर पाठवत होतो. मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. पोटात दुखले.

अक्कांचा चांगुलपणा तर माझ्या घरापर्यंत आला. माझ्या पत्नीचे मिरजेला ऑपरेशन झाले, तेव्हा माझ्या पाळ्या अक्कांनी स्वतः केल्या, त्या वयात हेडफोन लावून. शिवाय दर दोन दिवसांनी दवाखान्यात ज्वारीच्या कडक भाकरी आणि शेंगांची चटणी येत असे. पत्नी बरी होऊन घरी आली ती अक्कांचे गुण गात. मी म्हणालो, "अगं, मीबी हुतो की तितं." ती म्हणाली, "व्हय, पर तुमी निसतं हुता." त्या दिवसापासून घरातही मला सुख राहिले नाही.

आता पाटणची गोष्ट. खोऱ्यात पावसाळ्यात नेटवर्क रडतखडत चालते. केंद्राचे उत्तर उशिरा आले की सर्व्हर कंटाळून दार लावी आणि पावती अडे. उत्तराची वाट किती वेळ पाहायची याचा एक आकडा सर्व्हरवर असतो. मी तो हाताने वाढवला आणि पाटण सुरळीत झाले. अक्कांचा नियम असा होता की हाताने केलेला कोणताही बदल सामायिक नोंदीत लिहायचा, कारण यंत्र त्या नोंदीबरहुकूमच सगळे लावते. मी लिहिला नाही. विसरलो, असे मी स्वतःला अनेक वर्षे सांगत आलो. विसरलो नव्हतो. यंत्राला न विचारता पाटण माझ्या हाताने चालते आहे, एवढे एक तरी माझे म्हणून राहावे असे मला वाटले.

रोजचे बदल केंद्रांच्या प्रोग्रॅममध्ये जात, पण आठ-दहा दिवसांनी खुद्द सर्व्हरच्या मांडणीत एक छोटा बदल गेला. यंत्राने नोंद वाचली, माझा आकडा नोंदीत नव्हता, त्याने जुना आकडा लावला. सकाळी पाटणच्या खोऱ्यातली सगळी केंद्रे अडली. पावती निघेना, कॅनच्या रांगा रस्त्यापर्यंत गेल्या, टेम्पो जागेवर उभे. पुष्कळांचे दूध नासले. फोनवर एक म्हातारी मला म्हणाली, "बाबा, पाच कोस डोंगर उतरून आलोय, आता ह्ये दूध काय वड्याला वतू?" काय झाले आहे ते मला पहिल्या फोनलाच कळले होते. मी आकडा पुन्हा वाढवला. दहा मिनिटांत सगळे सुरू झाले आणि विभागात माझ्या नावाचा जयजयकार झाला.

दुपारी अक्कांनी बैठक घेतली. अशा बैठकीत 'कोणाचे चुकले' हे विचारायचे नाही, 'काय झाले' एवढेच विचारायचे, हा त्यांचा नियम. त्यांच्यापुढे यंत्राने ठेवलेल्या नोंदीचा कागद होता. कोणता बदल, केव्हा आणि कोणाच्या नावाने झाला हे त्यावर असते. मी समोर बसलो होतो. उलटा कागद वाचायला फौजेत शिकलो होतो, त्यामुळे माझे नाव मला स्वच्छ दिसले.

अक्का म्हणाल्या, "कुनीतरी पाटणसाठी हातानं बदल केला हुता. चांगलाच केला हुता. पर लिवला न्हाई. आपली लिवायची रीत किचकट हाय, म्हनून ऱ्हायला आसंल. आदी ती रीत सोपी करू."

एक संचालक बैठकीला आले होते. ते भडकले. "नाव सांगा त्याचं! एवढं दूध नासलंय!"

"नाव सांगितलं तर उद्यापासनं हितं कुनी खरं बोलनार न्हाई, दादा," अक्का म्हणाल्या. "इभाग माझा हाय. माझं नाव घाला."

मी गप्प बसलो. तोंड उघडायला एक क्षण पुरला असता, आणि तो क्षण मी जाऊ दिला. संचालकांनी खरोखरच अक्कांचे नाव घातले. 'अविचारी प्रयोगांमुळे दूध उत्पादकांचे नुकसान' अशा शब्दांचे ताकीदपत्र त्यांच्या सेवापुस्तिकेला लागले आणि त्यांची पद्धत तीन महिने बंद राहिली. वार्षिक सभेत शाल मात्र मला मिळाली. प्रसंगावधानाबद्दल! समोरच्या रांगेत बसून अक्का टाळ्या वाजवत होत्या. नंतर भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "अभिनंदन सुभेदार. शाल झ्याक हाय." त्या बोलण्यात टोमणा कुठे आहे ते मी कितीतरी दिवस शोधत होतो. तो नव्हताच. त्यांच्या हुद्द्याचा, त्यांच्या पद्धतीचा मला हेवा वाटे तो वेगळा. पण टोमणा न मारता येणे ही गोष्ट मला सात जन्मांत जमणार नाही, आणि त्या दिवशी मी सगळ्यांत जास्त जळलो तो त्यावर.

ताकीदपत्राचे पुढे काय झाले, हे कोणी विचारले नाही. तीन महिन्यांनी पद्धत पुन्हा सुरू झाली. आज रुग्णालय आणि सूतगिरणीही तिच्यावर चालतात, आणि बाहेरच्या संस्थांची माणसे ती पाहायला येतात. त्यांना सगळे समजावून सांगायचे काम अक्कांनी माझ्यावर सोपवले आहे, आणि ते मी निवृत्तीनंतरही येऊन मोठ्या रुबाबात करतो.

हा लेख लिहायला घेतल्यावर मी त्यांच्याकडे गेलो. म्हणालो, "अक्का, पाटणचं लिवू का?"

त्या हातातला चष्मा पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, "कशाला आता? समदी इसरली."

"तुमच्या पुस्तिकेत त्ये पत्र हाय. तुमी या महिन्यात निवृत्त व्हताय."

"आसू द्या की."

"तुमी आसू द्याल. माझ्यानं न्हाई ऱ्हावत."

"मग लिवा. पर निसती माफी नगं, सुभेदार. पुन्यांदा आसं हुऊ ने म्हनून काय करायचं, त्ये बी लिवा."

म्हणून लिहितो. नवी पद्धत आणताना यंत्राला सगळे सांगा, नोंदी ठेवा, तपासण्या करा. पण भिंत पाडताना तिच्याआड वर्षानुवर्षे बसलेल्या माणसाला एकदा विचारा, 'आता तुझे म्हणून इथे काय राहिले?' त्याला उत्तर सापडले नाही, तर तो ते चोरून मिळवील. अक्कांनी मला पाहुण्यांना समजावून सांगण्याचे काम दिले, तेच हे उत्तर होते. ते मला मिळाल्यालाही वर्षे झाली. समजले आत्ता.

संचालक मंडळाला माझी जाहीर विनंती आहे. पाटणला हाताने बदल करून तो न लिहिणारा मी होतो, आणि बैठकीत गप्प बसणाराही मीच. ते ताकीदपत्र अक्कांच्या सेवापुस्तिकेतून या महिन्याच्या आत काढावे आणि माझ्या पुस्तिकेला लावावे. मी निवृत्त झालो असलो तरी माझी पुस्तिका दप्तरात आहे. शालही परत केली असती, पण तिची पत्नीने केव्हाच गोधडी शिवली.

श्रीमती महादेवी बिराजदार यांना उत्तम आरोग्य लाभो. त्यांचे गुडघे धड राहोत, नजर शाबूत राहो, जतच्या घरी त्यांना भरपूर पाणी आणि थोडा निवांतपणा मिळो आणि त्यांनी शंभरी गाठावी. मी त्यांच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा आहे, तेव्हा त्यांच्या शंभरीला मी असेनच असे नाही. असलो, तर पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवीन. हेवा तेव्हाही वाटेल. फक्त तो आता उजळ माथ्याने करता येईल.