घंटीजवळचा खिळा

"तो खिळा सरळ केला, तर मी फळी नेत नाई," रूपराव म्हणाला.

"नको नेऊ. पण असा खेळ आता मी लोकायसमोर ठेवत नाई." डोमाजीनं हातोडी उचलली.

"काऊन? आंजीच्या जत्रेत ठेवलाच ना. तवा नाई टोचलं तुले?"

तेव्हापासूनच तर टोचत होतं. डोमाजी देवळीचा सुतार, दारं-चौकटी करणारा. पण रूपरावसारखे जत्रेतले दुकानदार त्याच्याकडे यायचे ते गोळीच्या खेळासाठी. उतरती फळी, तिच्यावर खिळ्यांचं रान, मधेमधे घरं, उजवीकडे स्प्रिंगची दांडी. दांडी ओढून सोडली की लोखंडी गोळी वर जायची आणि खिळ्यांना धडका देत खाली यायची. सगळ्यांत वरच्या घरात बसली, तर स्टीलची कळशी.

हे गणित त्याला चुकतमाकत कळलं होतं. पहिल्या फळीचं वरचं घर त्यानं ऐसपैस ठेवलं. दुपारीच कळशा संपल्या आणि जिंकणारेही कंटाळले. दुसरीचं तोंड आवळलं, तर लोक शिव्या देत निघून गेले. मग त्यानं घराच्या तोंडाशी पितळेची घंटी बसवली. दम धरून, अलगद दांडी ओढली तर गोळी आत. घाई केली तर घंटी वाजवून माघारी. घंटी वाजली की माणूस हसायचा, बाही सारायचा, पुन्हा दांडीला हात घालायचा. आपला हात बसत चाललाय असं वाटणं, तीच त्या खेळातली गोडी. त्या फळीवर डोमाजीचा फार जीव होता.

यंदा आंजीच्या जत्रेआधी, कळशा वाचाव्यात म्हणून रूपराव मागंच लागला, तेव्हा डोमाजीनं घंटीजवळचा एक खिळा जरासा आत वाकवला. घंटी पहिल्यासारखीच वाजत राहिली. गोळी मात्र कुणाचीच आत गेली नाही.

आणि नेमकी विमलाबाई, त्याची थोरली बहीण, अख्खी दुपार त्या फळीसमोर उभी राहिली. घरी आली ती मनगट चोळत. आपलाच हात कच्चा म्हणाली. तेव्हापासून येताजाता ती दाराची कडी हलकेच ओढायची, हलकेच सोडायची. पुढच्या जत्रेसाठी हात बसवत होती. ते डोमाजी रोज बघत होता.

"तुह्या बहिणीले मजाच आली ना?" रूपराव म्हणाला. "हसून राह्यली होती, मी पायलं."

"आता जमन असं वाटे तिले, म्हणून हसे. जमणारच नव्हतं ते. मी जमू देणार नव्हतो."

रूपराव दाराकडे बघत होता. दारात विमलाबाई जेवणाचा डबा घेऊन उभी होती, आणि तिनं ऐकलंय का हे विचारायची गरज नव्हती.

डोमाजीनं घाईघाईनं दोन ठोके घालून खिळा सरळ केला. दांडीपुढं गोळी ठेवली.

"ये ताई. आता जमते. ओढून पाय."

विमलाबाईनं डबा खाली ठेवला. दांडी धरली, कडीसारखी अलगद ओढली, दम धरला. आणि सोडलीच नाही. हातातल्या हातात हळूहळू परत नेऊन ठेवली. गोळी जागची हलली नाही.

"तुहा हात बरोबरच होता, ताई," डोमाजी म्हणाला. "कच्चा नव्हता. ऐकते ना?"

तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला, पायात चपला सरकवल्या आणि मागं न बघता रस्त्याला लागली.