डोंगराची मागची बाजू

आधीच सांगतो, भुताखेतांवर माझा विश्वास नाही. दिवसभर गिरणीत साच्यांपुढे, म्हणजे मागांपुढे, उभं राहिलेल्या माणसाच्या अंगात भ्यायलासुद्धा जोर उरत नाही... आणि मी थापाड्या आहे, हे लालबागेत कुणालाही विचारा. तरी ही गोष्ट घडली तशीच लिहितोय.

संयुक्त महाराष्ट्राची धामधूम होती. वैशाखातल्या शिवजयंतीला आमच्या चाळीने चौकात नुसता किल्ला न करता आख्खा डोंगर उभारायचा ठरवलं — आमच्या गावामागचा, म्हाताऱ्याचा डोंगर. काम माझ्याकडे आलं, कारण तो मी बारा वेळा चढलोय, असं मीच सांगत सुटलो होतो. खरं म्हणजे अर्ध्यावरच्या देवळापुढे मी कधी गेलोच नाही. दम लागायचा, नारळ फोडायचा, उतरायचं.

पुढची बाजू गोणपाट आणि चिकणमातीने झकास जमली. पण चारी गॅलऱ्यांतून लोक बघणार, म्हणजे मागची बाजूही हवी. गिरणीतली पाळी करून आलेलो, डोळे मिटत होते — दिली ठोकून. सरळ तुटलेला कडा, पायाशी कारवीचं रान, त्यात वाकलेला काळा धोंडा आणि त्याखाली आरशाचा तुकडा बसवून पाण्याचं टाकं.

त्याच आठवड्यात माझा धाकटा भाऊ दत्तू भरदुपारी धापा टाकत आला. मोर्चात नेहमी पुढे, आता वॉरंट निघालं होतं. गावात पोलीस पोचणारच, म्हणून तो डोंगरामागच्या रानात दडणार होता. तिकडे वस्ती नाही, वाट नाही. चौकातल्या डोंगराला एक फेरी मारून त्याने आरशावर बोट ठेवलं.

"दादा, हे पाणी नक्की आहे ना? वैशाखात?"

भोवती चाळीतली चार माणसं उभी होती. सगळ्यांना मी बारा चढायांच्या कथा ऐकवलेल्या.

"बारमाही आहे रे. जा तू."

तो गेला, आणि साच्यावर माझ्या हातून धागे तुटायला लागले. मागे जावं तर पोलीस माझ्यावर नजर ठेवून. मीच त्यांना त्याच्यापर्यंत नेलं असतं. सोळा दिवस घास उतरला नाही... बरं, एक वेळचा उतरला.

सतराव्या दिवशी, धरपकड थंडावल्यावर, दत्तू आला. वाळलेला, पण धड.

"तू दाखवलंस तिथेच होतं, दादा. वाकलेला धोंडा पण. नाहीतर मेलोच होतो मी."

गावी गेल्यावर गुराख्यांना विचारलं. ते म्हणाले, मागच्या अंगाला उन्हाळ्यात पाखरूसुद्धा थांबत नाही, पाणी कुठलं?

पुढे एका उन्हाळ्यात मीच बघायला निघालो. देवळापाशी टेकलो तो टेकलोच. पलीकडे पाणी नसेल, तर माझा भाऊ सोळा दिवस प्यायला काय? आणि असेल, तर पेंगताना माझ्या हाताला ते कुणी दाखवलं? यातलं एकही पेलण्याइतका जीव माझ्यात उरला नव्हता. उतरलो.

दत्तूला मी काही बोललेलो नाही. अजून कधी जेवताना तांब्या खाली ठेवून तो म्हणतो, "त्या टाक्यातल्या पाण्याची चवच वेगळी, नाही का रे दादा?"

मी हो म्हणतो.