बिबट्याचा उत्तरार्ध

पुस्तक हिंदी होतं आणि त्यातला नायक दिवस मावळला की बिबट्या व्हायचा. मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या आम्हा अकरावीच्या पोरींना याहून जास्त काय पाहिजे होतं! घरी मराठी बोलायचो, पण कादंबरी वाचायची ती हिंदीतच. मराठीचं एक पान वाचताना दम लागायचा. भाड्यानं पुस्तकं देणाऱ्या दुकानदाराची एक खोड होती. जाड पुस्तक आलं की तो ते मधोमध कापायचा आणि दोन्ही भागांना वेगवेगळे पुठ्ठे चिकटवायचा. म्हणजे एका पुस्तकाला दोन गिऱ्हाइकं.

पूर्वार्ध मला मिळाला, उत्तरार्ध माझ्या मैत्रिणीला. चार दिवसांनी बदलायचं ठरलं, तरी मी जळले. शेवट आधी हिलाच का? तसं तिच्यावर जळायला मला निमित्त लागायचं नाही. ती उकव्याची. वडील तिथल्या मँगनीजच्या खाणीत, आणि ती शिकायला आमच्या गल्लीत मामाकडे राहायची. त्यांच्या कॉलनीतून बिबट्यानं कुत्रं उचलल्याचं ती असं सांगायची, जसं आम्ही शेजारी पाहुणे आल्याचं सांगू. बिबट्या कोणावर भाळणार असेलच तर तिच्यावर! आमच्या सरकारी क्वार्टरात धड मांजरही टिकत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी मामाच्या हाती तिचं दप्तर लागलं. त्यानं ते पुस्तक स्वतः दुकानात नेऊन आपटलं आणि पोरींना असलं काही द्यायचं नाही, असा दम भरला. झालं! इकडे माझा पूर्वार्ध संपलेला. नायक पिंजऱ्यात, नायिका बाहेर, आणि पुढचं पानच नाही. शाळेच्या नळाजवळ मी भोकाड पसरलं.

"माय वं, रडतं काहून? मी वाचलं ना सारं," ती म्हणाली आणि तिथंच ओट्यावर बसून तिनं शेवट सांगितला. मुलगी त्याला सोडवत नाही. पिंजऱ्याचं दार उघडते आणि स्वतःच आत जाऊन त्याच्याजवळ बसते. सकाळी गावकरी येतात तर आत दोन बिबटे. दार सताड उघडं, तरी दोघं तिथंच बसलेले, गावाकडे बघत.

तो शेवट माझ्या अंगात भिनला. लग्नानंतर मी नागपूरला आले, मराठी वाचायला-लिहायला लागले, आणि एका दिवाळी अंकात माझी पहिली कथा छापून आली. तिच्यात मी तोच शेवट उचलला. चोरी केली हे मला ठाऊक होतं. पण कुठल्या कोण लेखकाची, त्याला काय कळतंय, अशी मी मनाची समजूत घातली. कथेचं जे कौतुक झालं, ते सगळं शेवटाचं.

मग मावसभावाच्या लग्नाला वारासिवनीला गेले. अंगणात हळद चाललेली आणि मावशीच्या कपाटात तेच पुस्तक. अख्खं, न कापलेलं! पोट दुखतं म्हणून मी आतल्या खोलीत जाऊन पडले आणि पहिल्या पानापासून वाचायला लागले. पूर्वार्ध अजूनही गोड लागला. त्यातल्या नायिकेचा अजूनही तेवढाच हेवा वाटला. पण पुढं कोणी साधू येतो, जडीबुटी देतो, बिबट्या कायमचा माणूस होतो आणि शहरात सासऱ्याचं दुकान सांभाळतो. हट्! मी पुन्हा पुन्हा चाळलं. पिंजऱ्यातले दोन बिबटे कुठंच नव्हते.

तिथूनच मैत्रिणीला फोन लावला. लग्न होऊन ती बिरसाला गेली होती.

"वाचलंच कुठं मी? चार पानं झालती, तेवढ्यात मामा आला," ती हसत म्हणाली.

"मग तो शेवट?"

"कोणता वं? मले तर आठवतही नाही. तू रडून राह्यली होती, काहीतरी सांगा लागलं असंन."

काहीतरी! एका शेवटासाठी मी महिना महिना कागद फाडते, आणि हिनं तो मला गप्प करायला नळाजवळ बसल्या बसल्या केला होता. वर विसरूनही गेली! इतका जळफळाट माझा आयुष्यात कधी झाला नव्हता.

"काहून विचारून राह्यली?"

"असंच," मी म्हणाले.

माझी ती कथा तिनं अजून वाचलेली नाही. तिनं अंक मागितला की मी सांगते, सापडत नाही.