दाजींची सहा तासांची सीडी

आमच्या दाजींइतका अस्वस्थ माणूस बालाघाटाच्या डोंगराच्या अलीकडं आणि पलीकडं दुसरा झाला नसेल. पण त्यांची गोष्ट सांगायची तर आधी आमच्या घराची सांगावी लागते. दिवाळी झाली की आमचं निम्मं गाव ट्रॅक्टरवर चढायचं आणि सहा महिने ऊस तोडायला कारखान्यावर जायचं. आई-वडील, ताई आणि मी. राहायला उसाच्या पाचटाची कोपी, तीन दगडांची चूल आणि पहाटेच्या थंडीत ओल्या उसाचं पातं लागून चिरलेले हात. माझी शाळा दरवर्षी दिवाळीला जी सुटायची ती गुढीपाडवा झाल्यावरच भरायची. सातवीपर्यंत मला भूगोलाच्या पुस्तकाची पहिली निम्मीच पानं माहीत होती. पुढच्या निम्म्यात काय आहे हे आठवीत वसतिगृहात राहिल्यावर कळलं. पुढं मी बी.एस्सी. झालो. आमच्या घराण्यात पदवी घेतलेला मी पहिला, आणि ही गोष्ट मी लाजत सांगत नाही.

दाजी म्हणजे ताईचे यजमान, आमच्याच टोळीतले. लग्नानंतर दोन सीझन त्यांनी कोयता चालवला आणि मग तो ठेवून कडा गावातल्या एका शूटिंगवाल्याकडं लाईट धरायला राहिले. लाईट धरता धरता कॅमेरा हातात आला आणि एक दिवस बाजारपेठेत पत्र्याचं दुकान उभं राहिलं. पाटीवर दोनच ओळी होत्या: ‘लग्नाची शूटिंग करून मिळेल. सीडी धुवून मिळेल.’ दुसरा धंदा दाजींनी स्वतः शोधला होता. चरा पडलेली सीडी लोक आणायचे. दाजी तिला दात घासायची पेस्ट लावायचे आणि मऊ धोतराच्या तुकड्यानं मधून कडेकडं, सरळ रेषेत पुसायचे. कुणी गोल पुसताना दिसला की ते ओरडत नसत, नुसते डोळे मिटून घेत. आता डीव्हीडी म्हणजे सीडी नव्हे हे मी त्यांना चार वेळा समजावलं. ते म्हणाले, गोल हाय, मधी भोक हाय, सीडीच हाय.

हा माणूस खुर्चीत बसलेला मी पाहिलेला नाही. कुणाच्याही घरी गेले की चपला काढायच्या आधी त्यांची नजर टीव्हीवर जाते. पाणी येईपर्यंत रिमोट हातात असतो. लोक आपल्या रुंद टीव्हीवर जुनं चित्र ताणून बघतात, त्यात माणसं आडवी पसरतात, आणि दाजींना ते सहन होत नाही. एकदा सांत्वनाला गेले आणि बोलता बोलता तिथल्या टीव्हीचे रंग नीट करून आले. घरच्या माणसांनी नंतर निरोप पाठवला की आवाज कमी झालाय तो कसा वाढवायचा. मांजरसुंब्याच्या एका धाब्यावर आमची एसटी चहाला थांबली होती. तिथल्या टीव्हीवर कुठलासा सिनेमा ताणलेला चालू होता. दाजी गल्ल्यावर गेले, रिमोट मागितला, मालक देईना. दाजींनी त्याला हात जोडले. हिरॉईन बारीक होईपर्यंत आमची गाडी निघून गेली होती. ताई रस्त्याच्या कडेला पिशवीवर बसून म्हणाली, “आवं, तिला बारीक केली, आता मला चालवत न्या.”

धंद्यात मात्र त्यांची एक रीत होती, आणि पुढचं सगळं रामायण त्या रीतीतून झालं. लग्न सहा तासांचं असो की आठ, सगळं एकाच सीडीत बसवायचं आणि एकही माणूस कापायचा नाही. आमच्याकडं आहेराला रांग लागते. टॉवेल-टोपी देणारा प्रत्येक जण नवरदेवाला टोपी घालताना कॅमेऱ्याकडं बघून क्षणभर थांबतो, आणि महिन्याभरानं येऊन आपण सीडीत आहोत का ते तपासतो. नसला तर भाऊबंदकी होते. आणि सीडी एकच का, तर ती ट्रॅक्टरवरून कारखान्याला जायची असते. दुसरी असली की हरवते. कोप्यांसमोर बॅटरीवर छोटा टीव्ही लावून बायका आपल्या गावची लग्नं बघायच्या. मीही बघितली आहेत. एवढं सगळं एका तबकडीत दाबून बसवल्यावर चित्र गढूळ होणारच. छोट्या टीव्हीवर ते कळत नसे.

मग मोठे टीव्ही आले आणि कळायला लागलं. तेव्हा मी आष्टीला नोकरीला लागलो होतो आणि मला मत द्यायची सवय लागली होती. मी दाजींना सांगितलं की आता ब्ल्यू-रे नावाची नवी डिस्क आलीय, तिच्यात पाचपट माल मावतो, माणसाच्या मिशीचा केस न् केस दिसतो. तुम्ही ती धरा, नाहीतर आष्टीतले शूटिंगवाले तुमचं दुकान बंद पाडतील. दाजींनी तिचं नाव ‘निळी’ ठेवलं आणि तिला विरोध सुरू केला. त्याच आठवड्यात ते नगरला जाऊन एक प्लेअर घेऊन आले. जुन्याच डीव्हीडीचं चित्र मोठ्या पडद्याच्या मापाचं करून दाखवणारा, अपस्केलिंगवाला. चित्र खरंच जरा उजळ दिसायचं. दाजी तो प्लेअर तान्ह्या लेकरासारखा टॉवेलात गुंडाळून फिरायला लागले.

मी म्हणालो की ही मशीन नवं काही दाखवत नाही. दोन ठिपक्यांच्या मधला ठिपका अंदाजानं भरते.

“आमच्या म्हातारीला दिसत न्हाई,” दाजी दुकानात येरझाऱ्या घालत म्हणाले. “पर नुसत्या चालीवरून सांगती कोण आलं ते. आंदाज म्हंजी खोटं आसतंय का, बीएस्सी?”

मी म्हणालो, चुकतो कधी कधी.

“तुमची निळी घेतली तर ह्या बारा गावाच्या सीड्या कशावर बघतील लोक? कोपीवर कोण निळी लावनार हाय? नवी आली की जुन्यातली मानसं मरत्यात बे.”

रागात ते मला ‘बे’ म्हणत. एरवी ‘तुम्ही’.

त्या उन्हाळ्यात आष्टीकडच्या एका मोठ्या बागायतदार पुढाऱ्याच्या मुलीच्या लग्नाची सुपारी दाजींना मिळाली. या पुढाऱ्याला सगळे अण्णा म्हणत. अण्णांची अट होती की सगळं एचडी पाहिजे. हे काम नीट झालं तर तालुक्यातली मोठी लग्नं दाजींकडं येणार होती, आणि बिघडलं तर दुकान फक्त सीडी धुण्यावर चालणार होतं. दाजींनी आठ दिवस अन्न नीट खाल्लं नाही. शेवटी माझ्या हट्टामुळं कॅमेरा भाड्यानं आला, पुण्याहून निळी भरायचं यंत्र आलं. अधिक महिना लागला होता. नव्या जावयाला धोंड्याच्या जेवणाला बोलावलं होतं आणि त्याच दुपारी सगळ्या भावकीसमोर सीडी लावायची ठरली. मशीन आहे ना, असं मी फोनवर विचारलं होतं. अण्णांच्या घरून उत्तर आलं, हाय की, भिंतीएवढं हाय, एचडी.

तो टीव्ही होता. खाली प्लेअर दहा वर्षांपूर्वीचा, दाजींच्या दुकानात असायचे तसलाच. पुरणाचे धोंडे खाऊन सुस्तावलेली पन्नास माणसं समोर बसलेली. मी स्वतःच्या हातानं निळी आत ढकलली. यंत्र दोनदा कण्हलं आणि पडद्यावर आलं: ‘नो डिस्क’. मी ती पुसून पुन्हा घातली. गडबडीत गोल पुसली. कुणीतरी मागून म्हणालं, कड्याच्या कारखान्यात साखर बरी करत्यात.  

दाजींनी पिशवीतून टॉवेल काढला. आत त्यांचा प्लेअर होता, आणि मला न सांगता भरलेली, सहा तासांची, एकच सीडी. दोन मिनिटांत चित्र लागलं. मंडळी हसली, बोटं दाखवायला लागली, जावयाच्या टोपीवरून चिडवाचिडवी झाली. दाजी माझ्याकडं बघून मिशीतल्या मिशीत हसत होते. मीही हरल्याचं मान्य केलं होतं.

तेवढ्यात अण्णांची आई काठी टेकत पडद्याजवळ गेली. बायकांच्या शेवटच्या रांगेकडं बोट करून तिनं विचारलं, “बाबा, ही कोण रं? हिला तोंड न्हाई.”

खरंच नव्हतं. हिरवं लुगडं होतं, हात होता, आणि तोंडाच्या जागी पिठाचा गोळा. घरातलं कुणीतरी म्हणालं, म्हातारे, तुझी बहीणच हाय ती, भूमकडून आलती. म्हातारीनं डोळे बारीक केले, पडद्याला नाक लावलं आणि म्हणाली, “आसंल. मला वळखू येईना.”

दाजींनी प्लेअरची सगळी बटणं दाबून पाहिली. धार वाढवली, उजेड वाढवला. गोळा जास्त पांढरा झाला. मग त्यांनी रिमोट खाली ठेवला. तो त्यांना स्वतःहून खाली ठेवताना मी प्रथमच पाहत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं नगरहून निळीचा प्लेअर मागून आणून परत अण्णांच्या घरी गेलो. तीच रांग लावली. बहिणीच्या हनुवटीवरचं गोंदण दिसत होतं. म्हातारी बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, बारीक झाली गं. एवढंच. आम्हाला चहा मिळाला, पुढं कामंही मिळाली. परतताना गाडीवर दाजी एकदम म्हणाले, “मशीनची चूक न्हाई ती. म्या आधीच पुसून टाकलतं तोंड, दाबून दाबून. एक सीडी पायजे म्हणून.”

मी म्हणालो, आता काय करणार. तर ते म्हणाले, कॅसेटी हायेत.

दाजी काही फेकत नाहीत. कॅमेऱ्यातल्या छोट्या मूळ कॅसेटी दोन लोखंडी पेट्यांत भरून माळ्यावर ठेवलेल्या होत्या. दाबलेलं सीडीत होतं, कॅसेटीत नव्हतं. सगळी लग्नं त्यांतून न दाबता पुन्हा उतरवायची, असं दाजींनी ठरवलं. पण तासाची कॅसेट कॉम्प्युटरवर उतरायला तासच लागतो, आणि मधे फीत अडकते म्हणून शेजारी माणूस लागतो. ताईनं त्यांच्यासाठी स्टूल आणून ठेवलं. दुकान सांभाळून, लग्नसराई सांभाळून, हे काम वर्षानुवर्षं चाललं. मधल्या काळात निळी आली तशी गेली, ज्यानं त्यानं मोबाईलवरच बघायला सुरुवात केली, आणि मी दिलेली सगळी मतं जुनी झाली. मी रविवारी जायचो. दाजी स्टुलावर बसलेले असायचे, केस पांढरे झालेले, समोर कुणाचंतरी लग्न. आहेराच्या रांगेतली माणसं बोटानं दाखवायचे. हा गेला. ही गेली. ह्याचा पोरगा पोलिसात हाय. एकदा रांगेत माझे वडील आले. टोपी घालून क्षणभर थांबले, आमच्याकडं बघत. दाजींनी ती फीत मागं घेतली आणि पुन्हा लावली.

गेल्या पाडव्याच्या आधी शेवटची कॅसेट उतरली. एकशे ब्याऐंशी लग्नं पूर्ण निघाली. तिघांच्या कॅसेटींना बुरशी लागलेली होती, ती लग्नं गेली; दाजी त्या तिन्ही घरी स्वतः जाऊन तसं सांगून आले. बाकी ज्याचं त्याचं लग्न ज्याच्या त्याच्या घरी पोचलं आहे.